आपला वेग आपल्यालाच ठाऊक नसतो

१९७० च्या दशकात इस्रायलमध्ये एका पाठ्यपुस्तकाचं काम सुरू झालं. विषय होता, माणसं निर्णय कसे घेतात आणि अंदाज कसे बांधतात. शाळकरी मुलांना हे शिकवावं, ही कल्पना मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांची. त्यांच्या गटात अनुभवी शिक्षक होते, त्यांचे काही विद्यार्थी होते आणि अभ्यासक्रम कसा घडवावा या विषयातले जाणकार सेमूर फॉक्स होते. दर शुक्रवारी बैठक व्हायची. वर्षभरात आराखडा तयार झाला, एकदोन प्रकरणंही लिहून झाली. मग एका बैठकीत काहनेमन यांनी सगळ्यांना चिठ्ठ्या वाटल्या आणि म्हणाले, पुस्तकाचा पक्का मसुदा शिक्षण खात्याच्या हाती द्यायला आणखी किती काळ लागेल, ते एकमेकांना न विचारता लिहा. चिठ्ठ्या उघडल्या. कुणाचं दीड वर्ष, कुणाचं अडीच. बहुतेक सगळे दोन वर्षांच्या आसपास.

मग काहनेमन यांनी फॉक्सना एक साधा प्रश्न विचारला. अशीच कामं हाती घेतलेले दुसरे गट तुम्ही पाहिले आहेत, त्यांना किती वर्षं लागली? फॉक्स गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, शंभरातल्या चाळीसेक गटांचं काम कधी पुरंच झालं नाही. ज्यांचं झालं, त्यांना सात ते दहा वर्षं लागली. आणि आपला गट त्यांच्या तुलनेत कसा आहे? सरासरीपेक्षा थोडा खालीच.

पुस्तक पूर्ण व्हायला त्यानंतर आठ वर्षं लागली. तोवर खात्याचा उत्साह ओसरला होता आणि ते पुस्तक वर्गात कधी वापरलं गेलं नाही.

या गोष्टीतलं सगळ्यांत थक्क करणारं काही असेल, तर ती फॉक्स यांची चिठ्ठी. त्यांनीही दोनच वर्षांच्या आसपासचा आकडा लिहिला होता. सात ते दहा वर्षं हे उत्तर त्यांच्याच डोक्यात होतं, त्याच दिवशी, त्याच क्षणी. तरी चिठ्ठी लिहिताना ते वर आलंच नाही. विचारल्यावर मात्र आलं. एकाच डोक्यात एकाच प्रश्नाची दोन उत्तरं शेजारी शेजारी बसलेली असतात आणि त्यांची एकमेकांशी ओळखही नसते.

जानेवारीत नवाकोरा प्लॅनर उघडून आपण जे काही लिहितो, ते जवळजवळ नेहमी पहिल्या उत्तरातून आलेलं असतं. दुसरं उत्तरही आपल्याकडे असतं. ते वर कसं आणायचं, हा खरा प्रश्न आहे. साध्या रेघांच्या कागदाची वही ते काम फार सुंदर करते.

सगळ्यांत वाईट अंदाजही कमी पडतो

काहनेमन आणि त्यांचे सहकारी आमोस ट्वर्स्की यांनी या खोडीला १९७९ मध्ये नाव दिलं. मराठीत आपण तिला नियोजनातला भ्रम म्हणू. काम किती वेळात होईल याचा अंदाज बांधताना माणूस त्या कामाच्या आत शिरतो. पहिली पायरी, दुसरी पायरी, तिसरी, आणि झालं. मनातल्या त्या चित्रात ताप येत नाही, लाइट जात नाही, पाहुणे येत नाहीत, लेकीच्या शाळेत अचानक पालकसभा लागत नाही. यातली प्रत्येक अडचण एकेकटी घेतली तर संभव कमीच. पण त्यातली एकही येणार नाही, असं सहसा होत नाही.

१९९४ मध्ये कॅनडातले रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी ही खोडी मोजून दाखवली. पदवीचा प्रबंध लिहीत असलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. पुढचा प्रश्न होता, जे जे बिघडू शकतं ते सगळं बिघडलं तर? उत्तर आलं साधारण ४९ दिवस. प्रत्यक्षात सरासरी लागले ५५ हून जास्त. सांगितलेल्या दिवसात प्रबंध हातावेगळा करणारे दहात तीनच निघाले.

मधल्या आकड्यापाशी थोडं थांबायला हवं. या विद्यार्थ्यांना मुद्दाम निराशेने विचार करायला सांगितलं होतं. तरीही त्यांची निराशा वास्तवापर्यंत पोचली नाही. सगळं बिघडलेलं जग त्यांनी कल्पिलं, आणि खरं जग त्याहून आठवडाभर मागे निघालं. म्हणजे 'थोडे जास्तीचे दिवस धरून ठेवू' हा आपला नेहमीचा तोडगासुद्धा पुरत नाही.

त्याच संशोधनात आणखी एक गोष्ट दिसली. दुसऱ्याच्या कामाचा अंदाज बांधताना माणसं असा उतावळा आशावाद दाखवत नाहीत. स्वतःच्या बाबतीत मात्र मागचे अनुभव आपण अपवाद म्हणून बाजूला सारतो. त्या वेळी आजारी होतो, त्या वेळी संगणक बिघडला होता, या वेळी तसं काही नाही. पण विद्यार्थ्यांना आधी मागची कामं आठवायला लावली आणि त्यांचा आत्ताच्या कामाशी स्पष्ट संबंध जोडायला लावला, तेव्हा अंदाज सुधारले. नुसतं आठवून भागलं नाही, जोडावं लागलं. हा बारीक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण चांगला प्लॅनर नेमकं हेच जोडकाम करतो.

नऊ हजार ओव्यांचं वर्ष

एक उदाहरण हातात घेऊन पाहू. समजा, ठाण्यातल्या एका शिक्षिकेच्या मनात आहे, येत्या वर्षात ज्ञानेश्वरी अर्थासह वाचून काढायची. संकल्प उत्तम आहे. आता तो वहीत कसा उतरेल?

पहिला, सहज सुचणारा हिशेब असा: अध्याय १८, महिने १२, म्हणजे महिन्याला दीड अध्याय. दिसायला किती नीटस! जानेवारीच्या पानावर 'अध्याय १ आणि २ चा अर्धा' लिहायचं, फेब्रुवारीत पुढचे, असं करत डिसेंबरमध्ये अठरावा संपवून मोकळं व्हायचं.

पण ज्ञानेश्वरीचे अध्याय एका मापाचे नाहीत. पहिल्यात २७५ ओव्या आहेत, पाचव्यात १८०, तेराव्यात ११७० च्या घरात आणि अठराव्यात तब्बल १८१०. दीड अध्यायाच्या हिशेबाने जानेवारीत साडेचारशेच्या आसपास ओव्या येतात आणि डिसेंबरमध्ये दोन हजारांहून जास्त. वर्षाचा शेवटचा महिना पहिल्याच्या चौपट जड.

याहून नवल पुढे आहे. बारावा अध्याय संपतो तेव्हा १८ पैकी १२ झाले, म्हणजे दोन तृतीयांश ग्रंथ झाला असं वाटतं. ओव्या मोजल्या तर पहिल्या बारा अध्यायांत मिळून सुमारे ४,१३० भरतात आणि पूर्ण ग्रंथ ९ हजारांवर जातो. दोन तृतीयांश अध्याय वाचूनही निम्मा ग्रंथ झालेला नसतो! एकट्या तेराव्यात आणि अठराव्यात मिळून ग्रंथाचा जवळजवळ तिसरा हिस्सा आहे. ज्या मापाने आपण मोजतो तेच माप फसवं असेल, तर मनापासून केलेली मेहनतही मागे पडल्यासारखी वाटू लागते. कितीतरी संकल्प असेच मोडतात. माणूस चालत असतो, मैलाचे दगडच वेड्यावाकड्या अंतरावर रोवलेले असतात.

म्हणून दुसरा हिशेब: अध्याय सोडा, ओव्या धरा. ९ हजार भागिले ३६५, म्हणजे रोज २५. हे माप सरळ आहे. पण रोज २५ झेपतील का? हे ना ज्ञानेश्वरी सांगू शकते, ना प्लॅनर छापणारा. हे फक्त त्या बाईंचे दिवस सांगू शकतात.

म्हणून संकल्पाची तारीख दोन आठवडे पुढे ढकलायची आणि ते चौदा दिवस फक्त मोजायचे. वहीच्या पानावर उभी रेघ मारायची. डावीकडे ठरवलं ते, उजवीकडे झालं ते. सोमवार: २५ ठरवल्या, २२ झाल्या. मंगळवार: १८, पेपर तपासायचे होते. बुधवार: शून्य, नणंदबाई आल्या होत्या. गुरुवार: २४. शुक्रवार: १६, डोळे मिटत होते. शनिवार: शून्य. शून्य लिहायला संकोच करायचा नाही. या सगळ्या खटाटोपात सगळ्यांत मोलाचा आकडा तोच आहे.

समजा, चौदा दिवसांत त्या नऊ दिवस बसल्या आणि एकूण १८० ओव्या झाल्या. बसलेल्या दिवशी सरासरी २०. पण वर्षाच्या हिशेबाला हा आकडा घ्यायचा नाही. १८० ला १४ ने भागायचं, ९ ने नाही, कारण वर्षभरातही काही दिवस शून्याचेच जाणार आहेत. उत्तर येतं, दिवसाला १३ हून किंचित कमी. वर्षाला सुमारे ४,७००.

आता पाहा काय घडलं ते. पूर्ण ज्ञानेश्वरी एका वर्षात होणार नाही, हे दोन आठवड्यांतच कळलं. डिसेंबरपर्यंत झुरत बसावं लागलं नाही. आणि त्याच आकड्याने एक नवं, नेमकं ध्येयही समोर ठेवलं. बाराव्या अध्यायाच्या अखेरीपर्यंत ४,१३० ओव्या होतात. ४,७०० मधून त्या वजा केल्या तर साडेपाचशेहून जास्त उरतात, म्हणजे सहा आठवड्यांची मोकळीक: गणपती, दिवाळी, परीक्षांचा हंगाम आणि एखादं आजारपण त्यात बसतं. 'या वर्षी भक्तियोगाच्या अध्यायापर्यंत' हा संकल्प पहिल्याहून लहान झाला खरा. पण पहिला हवेतला होता आणि हा त्या बाईंच्याच खऱ्या दिवसांवर उभा आहे.

हे गणित ज्ञानेश्वरीपुरतं नाही. पेटी शिकायची असो, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास असो, कर्ज फेडायचं असो की रोज चालायला जायचं असो, पायऱ्या त्याच. आधी काम कोणत्या मापाने मोजायचं ते ठरवा, मग आपला वेग शून्यांसकट मोजा, आणि मगच ध्येय लिहा. मागे प्रत्यक्षात किती वेळ लागला, हाच प्रश्न काहनेमन यांनी फॉक्सना विचारला होता. वही तो आपल्याला रोज विचारते.

लिहिलं की होतं, ही दंतकथा

ध्येयं कागदावर लिहिण्याबद्दल एक गोष्ट जगभर सांगितली जाते. येल विद्यापीठातल्या १९५३ च्या पदवीधरांपैकी फक्त ३ टक्क्यांनी आपली ध्येयं लिहून ठेवली होती आणि वीस वर्षांनी त्यांची संपत्ती उरलेल्या ९७ टक्क्यांहून जास्त भरली. भाषणांत, पुस्तकांत, कार्यशाळांत ही गोष्ट सर्रास येते. ती खोटी आहे. असा अभ्यास झालाच नव्हता, हे शोध घेतल्यावर उघड झालं.

मग लिहिण्याने काहीच होत नाही का? होतं. पण 'काय' लिहिण्यापेक्षा 'कधी आणि कुठे' लिहिण्याने जास्त होतं, आणि याला खरे प्रयोग साक्षी आहेत.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्वित्झर आणि त्यांच्या सहकारी वेरोनिका ब्रांडश्टेटर यांनी १९९७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना काम दिलं होतं: नाताळची संध्याकाळ कशी घालवली याचं टिपण पुढच्या ४८ तासांत लिहून पाठवा. ऐन सणात, घरी गोतावळा जमलेला असताना. निम्म्यांना आधीच ठरवायला सांगितलं की हे टिपण ते नेमकं केव्हा आणि कुठे बसून लिहितील. ठरवणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी मुदतीत टिपण पाठवलं. बाकीच्यांपैकी एक तृतीयांश जणांनीच.

२००२ मध्ये ब्रिटनमधल्या एका प्रयोगात व्यायामाबाबत हेच पाहिलं गेलं. एका गटाला काही सांगितलं नाही. दुसऱ्याला हृदयविकाराची आणि व्यायामाच्या फायद्यांची माहिती वाचायला दिली. तिसऱ्याला तीच माहिती दिली आणि शिवाय पुढच्या आठवड्यात कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार ते लिहायला लावलं. पहिल्या दोन्ही गटांत व्यायाम करणारे शंभरात चाळीसही नव्हते. तिसऱ्यात ९१ निघाले. माहितीने इच्छा वाढली, पण पाय हलले नाहीत; एका ओळीने हलवले.

ही ओळ काय करते? निर्णय घेण्याचं काम ती माणसाकडून काढून परिस्थितीकडे सोपवते. 'रोज वाचेन' म्हटलं की रोज नव्याने ठरवावं लागतं: आत्ता, की जेवणानंतर, की मालिका संपल्यावर? प्रत्येक वेळी टाळायला एक वाव. 'सकाळचा चहा संपला की खिडकीजवळच्या खुर्चीत बसून वाचेन' म्हटलं की चहाचा रिकामा कपच आठवण करून देतो. गोल्वित्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये अशा ९४ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला आणि परिणाम चांगलाच भरीव असल्याचं दाखवलं. एक वाक्य लिहायला अर्धं मिनिट लागतं. इतक्या स्वस्तात इतकं पदरात पाडणारं दुसरं साधन मला तरी ठाऊक नाही.

या ओळीत अडथळ्यालाही जागा असावी. गॅब्रिएल ओटिंगन यांनी १९९१ मध्ये वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांचा वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध केला. यश मिळाल्याची गोड स्वप्नं जास्त रंगवणाऱ्या स्त्रियांचं वजन, तशी स्वप्नं कमी रंगवणाऱ्यांच्या मानाने, सुमारे ११ किलोंनी कमी घटलं. मनात मुक्कामाला पोचून झालं की चालायची निकड सरते. म्हणून प्लॅनरमध्ये ध्येयाच्या खाली आणखी एक ओळ असू द्यावी: आड येण्याचा सगळ्यांत जास्त संभव कशाचा, आणि ते आड आलं तर मी काय करीन. पाहुणे आले तर रात्री झोपण्याआधी पाचच ओव्या. पाच ही थट्टा नव्हे. शून्य आणि पाच यांत फार मोठं अंतर आहे.

अर्धवट कामं आणि झोप

१९२० च्या दशकात बर्लिनमध्ये ब्ल्यूमा झायगार्निक या तरुण संशोधिकेने लोकांना वीसेक लहानसहान कामं दिली: कोडी, मणी ओवणं, मातीच्या आकृत्या. निम्मी कामं पुरी होऊ दिली, निम्मी मधेच थांबवली. नंतर विचारलं तर अर्धवट राहिलेली कामं लोकांना जवळजवळ दुप्पट आठवली. पुढे इतरांनी हा प्रयोग केला तेव्हा दर वेळी तसंच उत्तर आलं नाही. पण अपुरं काम मनात घुटमळत राहतं, हा अनुभव कुणाला नाही?

ते घुटमळणं थांबवायला काम पुरं करावं लागतं, असं कुणालाही वाटेल. ई. जे. मासिकॅम्पो आणि रॉय बाउमाइस्टर यांनी २०११ मध्ये दाखवलं की तेवढी गरज नाही. अपुऱ्या कामाची आठवण करून दिलेली माणसं पुढे वाचताना विचलित होत होती. ज्यांना त्या कामाची नेमकी योजना लिहू दिली, त्यांची बेचैनी ओसरली. काम तसूभरही पुढे सरकलेलं नव्हतं! मनाला काम झाल्याची पावती नको होती. ते कधी होणार याची हमी हवी होती.

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन यांनी हेच झोपेपर्यंत नेलं. ५७ तरुण मंडळी झोपेच्या प्रयोगशाळेत रात्र काढायला आली. झोपण्याआधी पाच मिनिटं निम्म्यांनी येत्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली, निम्म्यांनी झालेल्या कामांची. राहिलेल्या कामांची यादी लिहिली तर झोप उडेल, असा आपला समज. घडलं उलटं. करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी तपशिलाची तितकी झोप लवकर. रात्री वही मिटताना उद्याच्या पानावर चार ओळी खरडून ठेवणाऱ्या कितीतरी गृहिणी आणि दुकानदार हे सुख पिढ्यान्‌पिढ्या घेत आले आहेत. प्रयोगशाळेने आता त्याची मिनिटं मोजली.

चुकलेला दिवस

प्लॅनरची सगळ्यांत मोठी परीक्षा फेब्रुवारीत होते. चार पानं कोरी जातात आणि वही कपाटात जाते.

बेंजामिन फ्रँकलिन यांनी आत्मचरित्रात आपल्या वहीचं बारकाईने वर्णन केलं आहे. १३ सद्गुणांची यादी, प्रत्येकाला एक आठवडा, पानावर सात दिवसांचे सात रकाने. चूक झाली की त्या दिवसाच्या रकान्यात काळा ठिपका. तेरा आठवड्यांचं एक आवर्तन, वर्षाला चार. एक फेरी संपली की आधीचे ठिपके खरवडून ते तीच वही पुन्हा वापरत. खरवडून खरवडून कागदाला भोकं पडली, तेव्हा त्यांनी हस्तिदंती पानांच्या टिपणवहीवर लाल शाईने पक्क्या रेघा मारून घेतल्या आणि ओल्या स्पंजने ठिपके पुसायला सुरुवात केली. त्यांना सगळ्यांत जड गेला तो व्यवस्थितपणाचा गुण. परिपूर्ण आपण कधी झालो नाही, पण प्रयत्न केला नसता तर होतो तेवढे चांगले झालो नसतो, असा त्यांचा निष्कर्ष.

त्यांच्या चिकाटीला नमस्कार. पण ठिपके पुसू नयेत, असं मला वाटतं. त्या ठिपक्यांतच आपला खरा वेग लिहिलेला असतो.

चुकलेल्या दिवसाबद्दल लंडनमधल्या एका अभ्यासाचा दिलासा मोठा आहे. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी तो २०१० मध्ये प्रसिद्ध केला. ९६ जणांनी एकेक नवी सवय निवडली, दुपारच्या जेवणासोबत फळ खाणं किंवा रात्रीच्या जेवणाआधी धावणं अशी, आणि १२ आठवडे रोज नोंद ठेवली. सवय अंगवळणी पडायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असं गणित निघालं. २१ दिवसांत सवय लागते हा आपल्याकडचा लाडका आकडा त्यापुढे टिकत नाही. आणि एखादा दिवस चुकला, तर सवय घडण्यावर त्याचा म्हणावा असा परिणाम झाला नाही. एका कोऱ्या पानाने काही बिघडत नाही. कोऱ्या पानाला घाबरून वही मिटली, तर बिघडतं.

पुन्हा सुरुवात करायला दिवसही भरपूर आहेत. हेंगचेन डाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ मध्ये दाखवलं की आठवडा, महिना, वर्ष किंवा शैक्षणिक सत्र नवं सुरू झालं की लोक व्यायामशाळेत जास्त जातात. कालच्या माणसाचा हिशेब मिटला, आज नवा माणूस, असं मनाला वाटतं. या बाबतीत आपण मराठी माणसं भाग्यवान. एक जानेवारी हुकला तर गुढीपाडवा आहे, तो हुकला तर अक्षय्य तृतीया, मग दसरा, मग दिवाळीचा पाडवा. साडेतीन मुहूर्त वर्षभर विखुरलेले आहेत आणि मधले सगळे सोमवार वेगळेच.

वहीही शोधायला लांब जावं लागत नाही. लंडनच्या जॉन लेट्स यांनी १८१२ मध्ये तारखा छापलेली डायरी विक्रीला आणली. आपल्याकडे जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये 'कालनिर्णय' सुरू केलं आणि घराघरांतल्या भिंतीवर एक चौकटींचा प्लॅनर आला. गॅसचा नंबर कधी लावला, दूध कोणत्या दिवशी घेतलं नाही, कामवाल्या मावशींचे खाडे किती, हे सगळं त्या चौकटींत पेनाने टिपलं जातं. महिनाअखेर दुधाचा हिशेब त्यावरून बिनचूक होतो, कारण कुणी अंदाज करत नाही; जे झालं ते आपण मोजतो. दुधाच्या बाबतीत जी शिस्त आपण कधी चुकवत नाही, ती आपल्या इच्छा-आकांक्षांच्या बाबतीत का नसावी?

ठाण्याच्या त्या बाईंच्या वहीत वर्षअखेर जे जमलेलं असेल, ते कोणत्याही दुकानात मिळत नाही: तीनशे पासष्ट दिवसांचा त्यांचा स्वतःचा वेग, शून्यांसकट. जून-जुलैत वाचन मंदावतं, मे महिन्यात दुप्पट होतं, रविवारी बहुधा होतच नाही, असं काही त्यातून दिसेल. पुढच्या वर्षीचा तेरावा अध्याय त्यांना त्यावरून आखता येईल. ११७० ओव्या, म्हणजे त्यांच्या वेगाने तीन महिने. तो मे महिन्याच्या आगेमागे घेतला तर बरा. अठरावा, पावणेपाच महिने. संपूर्ण ग्रंथ एकूण दोन वर्षांच्या आतबाहेर. काहनेमन यांच्या गटाला जो आकडा एका जाणकाराला टोचून विचारावा लागला, तो या बाई स्वतःची पानं उलटून सांगतील, आणि तो बहुतेक बरोबर निघेल.